दादांची तसबीर फिकी पडण्याचे कारण

मुक्काम कल्याण, माघ शुद्ध पंचमी

चिरंजीव त्र्यंबक यास गुरुदत्ताचे आशीर्वाद. माझा खोकला उतरला आहे; आईस तेवढेच सांग.

आपल्या कैलासवासी वडिलांची, दादांची, मी काढलेली तसबीर फिकी पडत असल्याचे कळले. दोष शोधण्याची रीत मोठी मौजेची आहे. कडा पिवळ्या पडल्या असत्या, तर तसबीर छापून धुताना कागदात छपाईचे औषध राहिले, असे मी मानले असते. परंतु डाग कपाळावरच आहे. अर्थात आई तेथे रोज ओले गंध लावते व पुसते, हेच कारण. त्या कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप असतो. पाण्याने तो मऊ होतो आणि त्याबरोबर चित्रही पुसले जाते.

हे तिला सांगावे कसे? अंड्याचे नाव निघताच तसबीर देवघरातून जाईल. तू काच बसवू म्हणालास, तर ती म्हणाली, "यांना कोंडू नका रे." ज्या काचेवरून ही तसबीर छापली, तिच्यावरील चित्राचा पापुद्रा येथील खाडीच्या दमट हवेने सुटला, त्यामुळे दुसरी प्रत निघणे नाही.

"हे माझ्यावर रागावून फिके पडतात का?" असे ती तुला विचारते, हे वाचून मी उगाच औषधांच्या बाटल्या पुसत बसलो. राग नव्हे, एवढे तिला खात्रीने सांग. मग कारण काय म्हणून विचारील, त्याचे उत्तर मला सुचत नाही.

सुमतीस व मुलांस आशीर्वाद. डाग डोळ्यांपर्यंत आला आहे का, ते कळव.

तुझा,
गुरुदत्त