कशाच्या दुप्पट?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय ठकू,

आज भाजीबाजारात अकरा तराजू तपासले. दोन खोटे निघाले, त्यांना नोटीस दिली. डबा ऑफिसातच खाल्ला. साडेपाचला घरी आलो आणि लिहायला बसलो.

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबा, माझ्या मेसेजमुळे आई गेली का? मी म्हणालो, तसं काही नसतं गं, आणि तुमच्याकडे थंडी पडली का ते विचारलं. तू रडत होतीस, ते मला ऐकू येत होतं. मावशी सांगते की तू धड जेवत नाहीस, कामावर जात नाहीस. ही तीच मावशी, जी आई गेल्याच्या चौथ्या दिवशी भरल्या घरात म्हणाली होती, पोरीच्या त्या मेसेजनं माझ्या बहिणीचा घात केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो, काही बोललो नाही. त्यांना वाटलं, बिचारा दुःखाने गप्प आहे.

त्या आठवड्यात कारणं सांगणारे पुष्कळ आले. शेजारचे काका म्हणाले, केसांच्या कलपाने नसा आखडतात. त्यांच्या जावयाने फ्रीजच्या पाण्याला दोष दिला. इस्त्रीवाल्याने तर हळूच विचारलं, वहिनी कुठल्या कुशीवर झोपायच्या? प्रत्येकाने कुठेतरी वाचलेलं होतं आणि प्रत्येकाला खात्री होती. मी सगळ्यांना चहा दिला.

गेल्या शुक्रवारी आईच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तू पाठवलेलं ते कात्रण मोबाइलवर दाखवलं, 'रक्तदाबाच्या गोळीने धोका दुप्पट'. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक कोरा कागद ओढला आणि लिहून दाखवलं. ही गोळी न घेणाऱ्या दहा हजार माणसांत बातमीतला तो आजार एकाला होतो, घेणाऱ्यांत दोघांना. एकाचे दोन, म्हणून दुप्पट. हे बातमीतही होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. मग म्हणाल्या, तुमच्या मिसेसचा रक्तदाब नऊ वर्षं त्या गोळीवर टिकून होता. ती एकदम बंद केली की तो उसळतो आणि मेंदूतली नस फुटू शकते. एवढं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. सप्टेंबरात, कात्रण आलं तेव्हाच गेलो असतो तरी दहाच मिनिटं लागली असती.

अठ्ठावीस वर्षं मी वजनमापं तपासतो आहे. दुकानदार दीडपट म्हणाला की मी विचारतो, कशाच्या दीडपट? रिकाम्या पारड्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी वजन ठेवत नाही. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आई याची थट्टा करायची. साखर घेतली की पुडा माझ्यापुढे धरून म्हणायची, घ्या साहेब, मारा शिक्का. पण मी आकडा सांगितला की तिच्यासाठी तो विषय संपायचा.

आता ते लिहितो, जे रविवारी सांगायला हवं होतं. तू कात्रणाखाली लिहिलं होतंस, 'आई, डॉक्टरांना विचारून घे.' आईने ते वाचलं आणि सोमवारची वेळ घेतली. ती वेळ मी रद्द करायला लावली. म्हटलं, स्पष्ट छापलंय ना दुप्पट म्हणून, मग विचारायचं काय राहिलं? तिथे गेलीस की आणखी चार तपासण्या लिहून देतील. गोळी बंद कर, रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या खा, पुरे. ती हसली, म्हणाली, बरं इन्स्पेक्टरसाहेब. सवयीने घेऊ नये म्हणून गोळ्यांची पाकिटंसुद्धा मी उचलून माझ्या कपाटात ठेवली. दहाव्या दिवशी ती डोकं जड झाल्याचं म्हणाली, मी उन्हावर ढकललं. सतराव्या दिवशी तिने गोळी मागितली. मी म्हटलं, दोन दिवस थांब. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती मोरीत पडली. हे मला सोडून कुणालाच माहीत नाही. तुझ्यावर आलं तेव्हा मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे आणि हे लिहायला सगळ्यात जड गेलं. तू केलंस ते बरोबर केलंस. मावशीला मी येत्या रविवारी जाऊन सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तू मला फोन करू नयेस असं वाटलं, तर नको करूस, पण जेव. पाकीट चिकटवून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो, येताना अर्धा लिटर दूध आणायचं आहे.

तुझाच, तुला चालत असेल तर,
बाबा