दुसऱ्या भागातल्या चुका

पप्पा, आपल्या त्या मारामारीच्या सिनेमाचा दुसरा भाग आला. वाईट आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले तर पहिलं हेच सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला त्याचं एवढं वाईट वाटणार नाही.

पहिला भाग आपण फतेगंजकडच्या थेटरात तीनदा पाहिला होता. मी आठवीत होते. तुम्ही पहिली पाळी संपवून नंदेसरीच्या कारखान्यातून थेट आलेले, शर्टाला कंपनीचा तो आंबूस वास. नायक जळत्या गोदामात शिरतो, सगळं थेटर शिट्ट्या मारतंय, आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणता, "भिंतीवरचं घड्याळ बघ. आत शिरताना साडेतीन, बाहेर पडताना पावणेतीन. आग लागली की वेळ मागे जाते काय गं?" मी खुदखुदते. तुम्ही मात्र गंभीर. "हसू नको. हे बघायला तिथे एक माणूस नेमलेला असतो. त्याने बघितलं नाही." तुमचं कामही बघण्याचंच होतं. दर तासाला लोखंडी जिना चढायचा, रिअ‍ॅक्टरच्या मीटरवरचा दाब बघायचा, खाली येऊन तो लॉगशीटच्या चौकटीत लिहायचा. त्याच वर्षी शाळेच्या प्रयोगवहीत मी गार होणाऱ्या पाण्याचं तापमान लिहिलं होतं, शेवटचे चार आकडे अंदाजाने. तुम्ही ते पाहिलंत आणि आईला गॅसवरून भाजी उतरवायला लावून तिथे पाणी ठेवलंत. "न बघता लिहिला तो आकडा नाही, थाप आहे," म्हणालात. आई कढई हातात धरून उभी, "अहो, जेवायचं काय?" आणि तुम्ही मला थर्मामीटर धरून तासभर ओट्याशी उभं केलंत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांना तेच वाक्य सांगते.

दुसरा भाग बघायला आईला घेऊन गेले. गोत्रीच्या घरून रिक्षाने मॉलमध्ये. नायकाच्या हातावरची पट्टी डावीकडून उजवीकडे जाते, फुटलेली काच परत अखंड दिसते, हे मी मोजत होते. आणि मग, पप्पा, पहिल्या भागात नायकाच्या मांडीवर प्राण सोडलेले त्याचे उस्ताद दिसले, झोपाळ्यावर बसून चहा पिताना. नायकाला काही नवल नाही. कुणालाच नाही. आई मोठ्याने म्हणाली, "अगं, हा मेला होता ना?" मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "मासी, बीजा भागमां बधा जीवता थाय!" दुसऱ्या भागात सगळे जिवंत होतात म्हणे. सगळे हसले, आईही हसली. मध्यंतरात मात्र तिने पॉपकॉर्नला हात लावला नाही. म्हणाली, "कामगार खात्याच्या साहेबांनी आपल्या अर्जाला उत्तर दिलं की निदान तुझ्या पप्पांचं नाव तरी स्वच्छ होईल."

तुम्हाला माहीत नाही असं इथून पुढे आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी गॅस दुपारी अडीचला सुटला. कंपनीने चौकशीचा अहवाल पाठवला. इंग्रजीत होता, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, अकरावीतली. दाब वाढत होता तो ऑपरेटरने, म्हणजे तुम्ही, पाहिलाच नाही, असं त्यात होतं. पुरावा म्हणून लॉगशीटची झेरॉक्स. तीन वाजताची चौकट भरलेली होती. चारची भरलेली होती. अडीचला तुम्ही जमिनीवर पडलेले, आणि चारचा दाब लिहिलेला. मी आईला म्हटलं, "हे पप्पांचं अक्षर नाही. कंपनीवाल्यांनी मागाहून भरलंय." आईने त्या वाक्यावर नऊ वर्षं काढली. अक्षर तपासा म्हणून मी कामगार खात्यात अर्ज केले, कॉलेजात असताना, नोकरी लागल्यावर, पुन्हा पुन्हा.

ते आकडे तुमचेच आहेत. इंग्रजी सातच्या मानेवर तुम्ही मारता तशी आडवी रेघ आहे. मला ती पहिल्याच दिवशी दिसली होती.

तुमच्या पाळीत काम करणाऱ्या एका काकांना मी गेल्या वर्षी गाठलं. ते म्हणाले, "बधाय भरे छे, बेटा. बपोरे ऊपर कोण चढे?" सगळेच आधी भरून ठेवतात, दुपारी वर कोण चढणार. उन्हात तो जिना हाताला चटके देतो, आणि त्या महिन्यात दोन विभाग तुमच्या एकट्याकडे होते, हेही त्यांनी सांगितलं. मी समजून घ्यायचा प्रयत्न करते. पण तुम्ही मला पाणी परत तापवायला लावलं होतंत, पप्पा. ते पण तुम्हीच होता ना?

आता खात्याचं पत्र आलंय. अक्षर तपासायचं आहे, मयताच्या हातचं जुनं लिखाण पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर अर्ज निकाली काढू. आईने त्या दिवशी शिरा केला. कपाटातून तुमची सिनेमांच्या चुकांची वही काढून पुसून दिली. पानापानावर वेळा, मिनिटं, आणि मानेवर रेघ मारलेले सात. पाठवली तर कंपनीचं म्हणणं खरं ठरेल आणि आईला कळेल. नाही पाठवली तर तुम्ही त्या अहवालात आहात तसेच राहाल. मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला. तुमचं नाव कुठूनच सुटत नाही.

तीन दिवस उरलेत. वही माझ्या पर्समध्ये आहे, हा कागदही तिच्यातच ठेवीन. आज सकाळी डबा भरताना आईने विचारलं, "वही पोचली असेल ना गं त्यांना?"

मी म्हटलं, "पोचली."