आरशातला पदर

३ नोव्हेंबर
सुचलं! नागपूरच्या प्रदर्शनाला स्वतःचं व्यक्तिचित्र द्यायचंय ना — आईच्या लुगड्यात काढायचं. चित्रकलेचे केशोराव सर म्हणायचे, "आधी कपडे ठरव. चेहरा खोटं बोलेल, कपडे सांगतील तू कुणाची." मी कुणाची? आम्ही गोंड. टिकेशशी जमातीबाहेर लग्न करून पवारांची सून झाले आणि आईनं बोलणंच टाकलं. तीन वर्षं झाली!

भावाला फोन केला. "लखन, आईचं एक जुनं लुगडं आणून दे."
"कायले?"
"लागते."
बिचारा जास्त विचारत नाही.

७ नोव्हेंबर
लखन माहेराहून, इटियाडोहाकडून, इथं फुलचूरला येऊन लुगडं देऊन गेला. हिरवं, लाल काठाचं. चुलीचा वास तसाच! नाकाशी धरून रडले. डायरीत कुणापासून लपवू?

सासूबाई म्हणाल्या, "बहू, शादीवाली साडी पहन ना, जरीवाली!" माया आहे बाईची. पण मी हट्टाला पेटलेय.

८ नोव्हेंबर
नेसताच येईना! आई कशी बोलता बोलता नेसायची — गुडघ्यापर्यंत घट्ट, पदर डाव्या खांद्यावर, की निघाली धानात. शेवटी जमलं, अगदी तिच्यासारखंच!

१५ नोव्हेंबर
आरशात बघून बघून चित्र झालं. हनुवटी थेट आईची! फोटो लखनला पाठवला, आईला दाखव म्हटलं.

१६ नोव्हेंबर
लखनचा फोन. आई म्हणाली म्हणे, "लुगडं माहं, अन् पदर उजव्या खांद्यावर! सासरचाच घेतला पोट्टीनं." आणि धान कापायला निघून गेली.

धावत चित्रापाशी गेले. खरंच! आरशात डावं ते उजवं दिसतं, आणि मी दिसलं तसं इमानेइतबारे रंगवलं. सासूबाई उजव्या खांद्यावरूनच पदर घेतात. एवढं शिकून अक्कल गहाण!

लखनला म्हटलं, आरशामुळं झालं रे, सांग तिला.
"सांगून राहिलो ना. आयकूनच नाही राहिली."

आई, तुझीच व्हायला बसले होते गं.

१७ नोव्हेंबर
ब्रश हातात धरवत नाही.

१९ नोव्हेंबर
आई आली! लखनच्या गाडीवर, न सांगता. माझ्या दारात पहिल्यांदा. चहा नको म्हणाली. चित्र पाहिलं. स्टूल ओढून समोर बसली, डाव्या खांद्यावरचा पदर नीट केला.

"तो आरसा झाक," म्हणाली. "माह्याकडं पाहून काढ."