उपाशीपोटी दिलेली गोळी

रवि. १६ फेब्रु. १९८६

नोव्हेंबरनंतर आज वही उघडली. क्षमा मागते. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, धीर नव्हता. आजही नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्या मीच गावाचं म्हणणं खरं मानायला लागेन.

देवळात सातच्या मिस्साला, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत हे डुलले, फादरांना काहीतरी भलतंच बोलले आणि मटकन खाली बसले. सदरा घामाने चिंब. मी पोचेपर्यंत आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरकली होती. शेजारच्या रोझामावशी, हळू पण मला ऐकू येईल असं: "उपवासकाळ लागून चार दिस झाले गो. तेवढापन दम निघाला नाय?"

पाच वर्षं ह्यांनी दारूचा थेंब घेतलेला नाही. मला माहीत आहे. तरी मी वाकले आणि आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांदेखत.

वास नव्हता. घरी चहा-पाव पोटात गेल्यावर अर्ध्या तासात माणूस ताळ्यावर.

सोम. १७

वांग्यांना पाणी लावून आले, पाय धुताना म्हणाले, "काल वास घेतलास ना?" मी हो म्हटलं.

"मीपण घेतला असता." एवढंच.

मंगळ. १८

माणिकपूरला आपल्या डॉ. कडे. मधुमेहाची गोळी चालू आहे, साखर उतरली असेल का, मी विचारलं. त्यांनी नाडी पाहिली. अठ्ठावन्न, संथ. म्हणाले, साखर उतरली असती तर छाती धडधडली असती, हात कापले असते. ह्यांना दोन्ही झालं नव्हतं. मग माझ्याकडे वळून: "बाई, घरात बाटली कुठे ठेवतात ते बघा."

हे शेजारच्याच खुर्चीत. मी उठले, म्हटलं, चला.

गुरु. २०

शाळेतून आल्यावर गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंगाखाली धरून वाचला. प्रोप्रॅनोलॉल. गेल्या जूनमध्ये रक्ताची उलटी झाली तेव्हा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सुरू केलेली. यकृत घट्ट झालंय, रक्त अडतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. ही गोळी तिथला दाब कमी करते. हे सगळं तेव्हा सांगितलं होतं. कागदावर शेवटून तिसऱ्या ओळीत आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. मधुमेह असेल तर साखर उतरल्याची लक्षणं, धडधड आणि कंप, ही गोळी झाकू शकते.

म्हणजे आपले डॉ. नेमकी तीच दोन लक्षणं शोधत होते. घाम तेवढा झाकला जात नाही, आणि घामाला गावात एकच अर्थ आहे.

पुढे विचार करत गेले, तशी स्वतःपाशीच येऊन थांबले. यकृत साखर साठवतं आणि उपाशीपणी सोडतं, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. ह्यांचं कोठार रिकामं. कम्युनियन घ्यायचं म्हणजे मध्यरात्रीपासून पोटात काही नाही, हा जुना नियम. चर्चने तो केव्हाच तासावर आणला, पण ह्यांना आईने शिकवलेलाच खरा. आणि सहा वाजता मधुमेहाची गोळी हातावर ठेवते कोण? मी. दर रविवारी.

रोज सकाळी मी नळीतल्या निळ्या औषधात ह्यांची लघवी उकळते, निळं राहिलं की खूश. साखर चढली नाही, एवढंच निळं सांगतं. किती उतरली ते सांगत नाही. बी.एस्सी. बाईला हे सुचू नये.

की मला हवं आहे म्हणून मी हे त्या कागदात वाचते आहे? ठाऊक नाही. बघावं लागेल.

शनि. १ मार्च

बघितलं.

हे मधुमेहाची गोळी घेऊन न खाताच केळींना टेकू द्यायला गेले. दहाला आले ते मला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारत, हसत. कपाळावर घाम. हात हातात घेतला: स्थिर. नाडी साठ. या वेळी वास घेतला नाही. पेलाभर साखरपाणी पाजलं. घड्याळाने बारा मिनिटं. मग एकदम शहाण्यासारखं: "सदऱ्यावर पाणी कुणी सांडलं?"

सगळं वेळेसकट कागदावर उतरवलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले. आनंदाने की काय, कोण जाणे.

गुरु. १३ मार्च

मुंबई. मोठ्या डॉक्टरांनी माझा कागद दोनदा वाचला. रक्तस्रावाची गोळी बंद करायची नाही, आपल्या मनाने तर नाहीच. तिच्यामुळे उतरलेली साखर परत चढायलाही उशीर लागू शकतो. मधुमेहाची गोळी अर्धी, आणि जेवल्याशिवाय कधीच नाही. उपाशी तर मुळीच राहायचं नाही. थांबून म्हणाले, "हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं."

त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. येताना माणिकपूरला उतरून आपल्या डॉ. समोर ठेवली. वाचली. बघू, म्हणाले.

"वाचून झालं ना? मग बाटलीचं ते वाक्य परत घ्या. ह्यांच्यासमोर."

ते टेबलावरचे कागद सारखे करत बसले. नाही घेतलं. हे बाहेर म्हणाले, कशाला भांडतेस. भांडणार.

शनि. २२ मार्च

उद्या झावळ्यांचा रविवार. मिरवणूक, लांब मिस्सा, दोन तास तरी. फादर स्वतः घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला तासाचाही नियम नाही. ह्यांनी शांतपणे ऐकलं.

"फादर, एक शब्द पाच वर्षं पाळला. आता दुसरा मोडायला सांगता."

सकाळची मधुमेहाची गोळी खाल्ल्यावरच, एवढं कबूल. पण गोळी नसली तरी रिकाम्या यकृताचं काय? खिशात साखर ठेवतील, मिस्सा संपेपर्यंत तोंडात टाकणार नाहीत. हा हट्ट मोडावासा वाटतो. ह्याच हट्टाने दारू सुटली, म्हणून हात धजत नाही.

संध्याकाळी रोझामावशी कुंपणापाशी: "उद्या तरी नीट आना त्यांना."

"आणते. पडले तर मागे सरकू नका मावशी, साखर द्या." त्या आत गेल्या. जास्त बोलले का? नाही.

आमच्या देवळात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. माझ्या आठवणीत कुणी मोडलेलं नाही. डावीकडून त्यांच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

उद्या: साखरपाण्याची बाटली घेऊन उजवीकडे, ह्यांच्या शेजारी बसायचं.