जुन्नरच्या घरातलं माझं निम्मं

मी, श्रेया चांगदेव बोऱ्हाडे, वय सत्तावीस, बी.एस्सी., बी.एड., नारायणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, राहणार पारगाव, तालुका आंबेगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी हे लिहू नकोस असाच आग्रह धरला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण मी रोज स्कूटीवरून शाळेत जाते, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि गेल्या महिन्यात मी बारा वर्षं चालणाऱ्या कर्जावर सही केली आहे. ती सही माझ्या एकटीच्या जिवावर राहू नये, म्हणून लिहिते.

१. जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, पुढे ओटा. आजोबा रखमाजी यांनी ते स्वतःच्या कमाईतून बांधलं. बारावीपर्यंत मी तिथेच वाढले. २०१५ साली माझ्या कॉलेजसाठी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते एका पतसंस्थेकडे गहाण ठेवलं. २०२० साली अण्णा गेले. वाटणीत पारगावची जमीन थोरला भाऊ गोरख याच्याकडे आली आणि घर, कर्जासकट, माझ्याकडे. दादा तेव्हा म्हणाला होता, "डिग्री तुझी, तर कर्जबी तुझंच." ते मला फार लागलं. पण त्याला बारावीनंतर कोणी कॉलेजात घातलं नाही, हेही खरं आहे. तो राग मी या कलमात सोडून देत आहे. माझ्या मागे कोणी तो उकरून काढू नये.

२. आम्ही पारगावला राहायला आल्यापासून ते घर बायडाबाई शेळके यांना भाड्याने दिलं आहे. त्या तिथे खानावळ चालवतात. एसटीचे ड्रायव्हर, कंडक्टर आणि कॉलेजची मुलं जेवायला येतात. भाडं त्यांनी कधी चुकवलं नाही, मात्र स्वयंपाकघरावरचा पत्रा गळतो. म्हणून पतसंस्थेचं महागडं कर्ज बँकेकडे न्यायचं, पत्र्यासाठी थोडी रक्कम वाढवून घ्यायची आणि घर पुन्हा गहाण ठेवायचं, असं मी ठरवलं. मला वाटलं होतं, कागद नेऊन दिले की झालं.

३. बँकेच्या वकिलांनी जुने कागद तपासले आणि फोन केला. "मॅडम, तुमच्या आत्याची हक्कसोड नोंदलेलीच नाही."

माझी आत्या कुशाबाई आणे गावी दिलेली आहे. आजोबा गेले त्या वर्षी, २००३ साली, ती भाऊबीजेला आली होती. अण्णांनी स्टॅम्पपेपर पुढे केला, तिने ओट्यावर बसून सही केली. दिवाळीच्या सुट्टीत कचेरी बंद होती. उघडल्यावर नोंदवू म्हणाले, ते राहूनच गेलं. आमच्याकडे बहिणीने घरावरचा हक्क सोडायचा आणि भावाने साडी द्यायची, ही रीतच. त्यामुळे कचेरीत जायला हवं असं कोणालाच वाटलं नाही.

दादा म्हणाला, "आत्याला कशाला काय सांगत बसायचं? गाडीत घालून आणू, नवी हक्कसोड करू, मिसळ खाऊ घालू, परत सोडू." मी हो म्हणाले. हे कबूल करते.

४. कचेरीबाहेरच्या बाकड्यावर आत्या नवी साडी नेसून बसली होती. नंबर लागायला वेळ होता. कागद माझ्या हातात होता. वर्गात मुलींना मी सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. मग मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला.

ती म्हणाली, "मागच्या टायमाला कुणी वाचला न्हाई बाई. तुझा बाप म्हनला, हितं कर, केली. अंजिरी साडी दिली व्हती. पयल्याच धुण्यात रंग गेला." आणि हसली. मग म्हणाली, "पर हक्क सोडला तरी माहेर ऱ्हातं, असं वाटलं व्हतं. आता डोळ्याच्या औषधाला म्हैन्यातनं एकदा जुन्नरला येते, तवा त्या घरात पैसं देऊन जेवते. सत्तर रुपये ताट."

मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

५. म्हणून स्पष्ट लिहिते: त्या घराचा निम्मा भाग कुशाबाईचा आहे. तो मी तिला देत नाही, कारण तो माझा कधी नव्हताच. या मृत्युपत्राने मी फक्त माझ्या निम्म्याची व्यवस्था करत आहे.

६. बँकेने मग दोघींना मालक धरून गहाणखत करायचं मान्य केलं. सही करण्याआधी आत्याने विचारलं, "हप्तं थकलं तर बँक निम्मंच घर नेती का?"

"नाही. सगळं."

"म्हंजी माझंबी गेलं."

"हो."

"हां. आता समजलं." चष्मा नीट करून तिने सही केली. "तू थकवू नको म्हंजी झालं. लई शिकलीस ना!"

माझ्या शिक्षणासाठी पडलेल्या कर्जाला आत्याचा हिस्सा तारण आहे. याची मला झोपेतही आठवण असते.

७. माझ्या पश्चात माझा प्रॉव्हिडंट फंड, पगारखात्यावरचा अपघात विमा, स्कूटी आणि सोन्याची चेन यांचे पैसे प्रथम बँकेत भरावेत. बाकीच्या कर्जाला माझ्या निम्म्याचं भाडं लावावं. आत्याच्या भाड्याला हात लावू नये.

८. कर्ज फिटल्यावर माझं निम्मं आईला तिच्या हयातीत मिळावं, नंतर दादाची मुलगी आरोही हिला. लग्नाच्या वेळी किंवा कोणत्याही सणाला तिच्याकडून सही मागू नये. माझी पुस्तकं आणि पहिल्या पगारातून घेतलेला मायक्रोस्कोप तिला आजपासूनच वापरू द्यावा. भिंग ओल्या फडक्याने पुसू नये.

९. बायडाबाईंना त्या भाडं देतात तोवर कोणी उठवू नये. आत्या कोण ते मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया, त्या चपाती नको, भाकरीच वाढा म्हणणाऱ्या मावशी? मालकिनीकडनंच पैसं घेत व्हते व्हय मी!" आता त्या पैसे घेत नाहीत आणि आत्या दिल्याशिवाय उठत नाही. "फुकट जेवायला मी काय पावनी हाय?" या वादात माझ्या वारसांनी पडू नये.

१०. हे सगळं पाहण्यासाठी माझे सहशिक्षक अमृत दादाभाऊ वायकर यांना व्यवस्थापक नेमत आहे. घराच्या कागदांच्या प्रती त्यांच्याकडे आहेत.

११. विमा आणि फंड मिळूनही कर्ज पूर्ण फिटणार नाही, हे मी हिशोब करून पाहिलं आहे. तेवढी एक जागा मला बुजवता आली नाही. दादाला साक्षीदार हो म्हटलं तर तो म्हणाला, "माझ्यावर भरोसा न्हाई म्हणून कागद करती का?" मी म्हटलं, "आहे, म्हणून तुझी सही मागते." तो याचा कच्चा खर्डा घेऊन गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

हे मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे आणि माझ्यासमोर त्यांनी.

ठिकाण: पारगाव
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

सही: श्रेया चांगदेव बोऱ्हाडे

साक्षीदार १: अमृत दादाभाऊ वायकर, नारायणगाव

साक्षीदार २: गोरख चांगदेव बोऱ्हाडे, पारगाव

(सहीखालचा मजकूर दादाच्या अक्षरातला आहे. मी तो तसाच ठेवला आहे.)

श्रेयाचं काय बरंवाईट झालं आणि पैसे कमी पडले तर राहिलेले हप्ते मी भरीन. उसाचं बिल आलं की आधी बँक, मग घर. आत्याच्या निम्म्याला धक्का लागणार नाही. हे मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही. गोरख.