रबर ताणून ठेवू नये

२१ फेब्रुवारी

आज कामावर गेले. बारा दिवसांनी.

यंत्राच्या जबड्यात नमुना लावला, ओढला, तुटला. आकडा लिहिला. दुसरा लावला. एकोणीस वर्षं हेच करतेय — नळ्यांसाठी आलेलं रबर ओढायचं, तुटेपर्यंत. हाताला सवय आहे म्हणून जमलं. साहेब म्हणाले, "बरं केलंत आलात. घरी बसून काय होणार?" घरी बसून काय होतं ते त्यांना कुठं माहीत!

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. परत आणून ओट्यावर ठेवला. बाबांनी तो उघडून पाहिला आणि परत झाकला.

२२ फेब्रुवारी

काही नाही.

२५ फेब्रुवारी

पोलिस चौकीत जाऊन आले. धाकट्या भावाची मासे मारायची गन अजून जमाच आहे. "मिळेल बाई, कागद पुरे होऊ द्या." त्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगलं वागलेलं आता जास्त लागतं.

मला ती गन हवी का आहे? माझीच निवड होती म्हणून.

डिसेंबरात धाकटा जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसला होता. छापील माहितीपत्रकं, पट्टी, पेन्सिल. त्याची जुनी गन आखूड, एकाच रबराची. "ताई, रबर तुझं खातं. तू सांग." त्याला एकशे दहा सेंटीमीटरची हवी होती. मी म्हटलं, आपल्या इथलं पाणी गढूळ, तीन मीटरपलीकडचं दिसत नाही, एवढा लांब दांडा वळवणार कसा? "अगं, लांब असली की बरं, घरात बसून मासा मारता येईल." बाबासुद्धा हसले. शेवटी नव्वदची ठरली. नळी धातूची, लाकडी नको, लाकूड फुगतं. रबरं दोन, चौदा मिलिमीटरची. एक जाड रबर घेण्यापेक्षा दोन बारीक बरी, एकेक करून ओढता येतात. सगळं मी ठरवलं. गणित करून!

आणि वर तो नियम. आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर पाटी आहे — नमुना ताणून ठेवू नये. ताणलेलं रबर थकतं, त्याचा जोर जातो. मी त्याला सांगितलं, "उगाच रबर भाल्याच्या खाचेत चढवून फिरायचं नाही. मासा दिसला की चढव, नाही मारलास तर लगेच उतरव." त्यानं सलाम ठोकला. "जी मॅडम."

२ मार्च

लंब्या आला होता. धाकट्याबरोबर पाण्यात जायचा तो. धाकटा बुडाला त्या दिवशीही दोघंच होते. दारातच उभा राहिला, आत ये म्हटल्यावर आला. बाबांच्या पाया पडला. बाबा म्हणाले, "बारीक झालास." एवढंच.

चहा ठेवता ठेवता मी विचारलं. बरेच दिवस मनात होतं.

"तो खाली गेल्यावर रबर चढवायचा का रे?"

त्यानं ओट्यावरचा रिकामा कप सरळ करून ठेवला. मग म्हणाला, "हो ताई."

"आणि तुम्ही बाकीचे?"

"आम्ही वरच चढवतो. तरंगत. मग दम घेतो, मग खाली."

"त्या दिवशी?"

"खालीच. मी वरून बघत होतो ना. दोन्ही चढवत होता. मग एकदम... हात सुटले."

दूध उतू गेलं. तोच उठून गॅस बंद करायला गेला.

छातीला गनचा दट्ट्या लावून, दोन्ही हातांनी ते रबर ओढायचं. दोनदा. कोंडलेल्या श्वासावर, तळाशी. का? ताईनं सांगितलं होतं म्हणून.

३ मार्च

मी मारलं त्याला.

७ मार्च

दुकानात गेले. तशीच गन हवी, नव्वदची, दोन रबरांची. दुकानदार बोलका. "मिस्टरांसाठी का?"

"माझ्यासाठी."

"मग मिस्टरांनी जपून राहायला हवं!"

लग्न केलेलं नाही हे सांगत बसले नाही. त्यानं तीन काढून दाखवल्या. मी घोडा दाबून बघितला, भाला नीट अडकतो का, दोरी कुठून जाते, हातात तोल कुठं पडतो. मी रबर बोटांनी चिमटून, वाकवून चिरा बघत होते. त्यानं हातातली गन खाली ठेवली. "तुम्हाला कळतं की हो यातलं." मला कळतं! हेच तर झालं.

निघताना बजावलं त्यानं — पाण्याबाहेर भाला सोडायचा नाही, कधीच नाही. त्याला वाटलं असेल मला मासे मारायचेत.

कशासाठी घेतली ते मलाही धड सांगता येणार नाही. मोजायचंय. मी नेमकं काय केलं ते मला आकड्यात हवंय.

१० मार्च

काम संपल्यावर यंत्र मागून घेतलं. साहेबांनी कशासाठी ते विचारलं नाही.

भाल्याच्या खाचेपर्यंत जेवढं ओढलं जातं तेवढं रबर ओढून ठेवलं. लगेचचा जोर एकोणतीस किलो. दहा मिनिटांनी अठ्ठावीस पूर्णांक सहा. एका तासानं अठ्ठावीस पूर्णांक दोन. सोडून तासभर विसावू दिलं, परत ओढलं — जवळजवळ पहिल्याइतकंच.

एका तासात किलोसुद्धा नाही! त्यानं सकाळी चढवून दुपारपर्यंत तसंच मिरवलं असतं तरी माशाला फरक कळला नसता.

पाटी आहे ती महिनोन्‌महिने कपाटात पडणाऱ्या नमुन्यांसाठी. मला ते माहीत होतं. माहीत असून सांगितलं, कारण तोंडात बसलंय. एकोणीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतेय.

आकडे वहीत उतरवले. खाली शेरा लिहायची जागा असते. रिकामी ठेवली.

१४ मार्च

बाबांना गन दिसली. कपाटामागे ठेवली होती.

"परत दिली त्यांनी?"

"नाही. दुसरी आणली."

 "त्या माशांनी आपलं काय घोडं मारलंय गं?" म्हणाले आणि वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हते.

सांगावं का बाबांना? मुलगा गेला. मुलगी उरलीय, तिनंच तो घालवला — हे सांगून त्यांच्याकडे काय ठेवायचं?

१६ मार्च

लंब्याला घेऊन जुन्या धक्क्याशी गेले. तो नाहीच म्हणत होता. "ताई, हे कशाला? राहू द्या." मी म्हटलं, तू नाही आलास तर एकटी जाईन. आला.

पोहता येतं मला, धाकट्याला मीच शिकवलं होतं. पण पंधरा वर्षांत पाण्यात उतरले नव्हते. छातीभर पाण्यात उभं राहून रबर ओढायला गेले. पहिल्यांदा अर्ध्यावर सुटलं, मनगटावर फटका बसला. दुसऱ्यांदा दट्ट्या निसटून बरगडीवर आला. सातव्या वेळी एक चढलं. दुसरं चढलंच नाही.

एका रबरावरच मारून पाहिलं. तीन मीटरवर थर्माकोलची जाड फळी दोरीनं तळाशी बांधली होती. तीनदा वरून गेला भाला, चौथ्यांदा कडेला लागला. लंब्या म्हणाला, "मनगट ढिलं पडतंय. कोपर ताठ ठेवा." शिकवायला लागला की तो माणसात येतो.

छाती काळीनिळी. धाकट्याचीही अशीच असायची. तेल लावून देऊ का विचारलं की, "मर्दाच्या छातीला मेडल आहे ते, पुसू नको."

२० मार्च

दोन्ही चढतात आता. घड्याळ लावून — पहिलं नऊ सेकंद, दुसरं तेरा. पाचपैकी चार भाले फळीच्या मधोमध. गन चांगली आहे. चांगलीच निवडली होती मी. गनमध्ये काही खोट नव्हती.

म्हणजे गन नाही. मीच.

२३ मार्च

आज खाली चढवून पाहिलं.

लंब्याला आधी सांगितलं नव्हतं. धक्क्याच्या टोकाला अडीच-तीन मीटर पाणी आहे. रबर उतरवलेली गन घेऊन तळाशी गेले. पहिलं चढलं. दुसऱ्याला हात घातला तेव्हाच छातीत भाता चालू झाला. ओढत राहिले. सोडता आलं असतं. वर तीनच मीटरवर उजेड होता. पण तो कसा ओढत राहिला असेल ते मला बघायचं होतं. मग ते बघणंही राहिलं नाही. कडेनं काळं यायला लागलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

केस धरून वर ओढलं लंब्यानं. पायऱ्यांवर आणून आपटलंच जवळजवळ. मी खोकत होते आणि तो ओरडत होता, "वेड लागलंय का तुम्हाला! मी बघत नसतो तर? नजर हलली असती तर माझी?" एवढं बोलला आणि तोंडावर हात ठेवून खाली बसला. थरथरत होता. मला वाटलं, थंडीनं.

घरापर्यंत सोडलं. 

२४ मार्च

बरगडीत कळ येते. लंब्याला दोनदा फोन केला. उचलत नाही.

२६ मार्च

लंब्या सकाळी आला. बाबांसमोरच बोलला. त्या दिवशी तो वर नव्हता. एकानं खाली जायचं तेव्हा दुसऱ्यानं वरून नजर ठेवायची, ठरलेलं असतं. पण त्याला बाजूला मोठा मासा दिसला आणि तो त्याच्यामागे गेला. परत आला तेव्हा धाकटा तळाशी. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. "तुम्ही रबराचं विचारलंत ताई, आणि मी हो म्हणून गेलो. सुटल्यासारखं झालं मला."

बाबा उठून गॅलरीत गेले.

मी विचारलं, मग धाकटा रबर चढवायचा कुठं?

"वरच. सगळ्यांसारखं. तुमचं कधीच ऐकलं नाही त्यानं. बोटीत तुमची नक्कल करून दाखवायचा — रबर थकतं हो! — आणि पोट धरून हसायचा."