गमछ्याचे गुण

४ जुलै
आजपासून नवा गठ्ठा. शाळेतल्या मुलांना विचारलंय, गमछ्याचे, म्हणजे आपल्या पंच्याचे, वेगवेगळे उपयोग सांगा. किती वेगळं सुचलं त्यावर एक ते पाच गुण. एक परीक्षक मी, दुसरे मित्रदा, निवृत्त चित्रकला शिक्षक. आमच्या गुणांवरून यंत्र शिकणार, पुढच्या मुलांना तेच गुण देणार. घरी सुधीर म्हणाला, "चला, माझ्या बदलीच्या गावात तुझी मानसशास्त्राची पदवी कामी आली."

९ जुलै
रोजचा प्रवास, डमडम ते बालीगंज आणि परत. डोळे चुरचुरतात. दुपारनंतर सगळी उत्तरं सारखीच वाटतात. लांबलचक दिसलं की चार देते, दोन-तीन शब्दांचं असलं की एक. न वाचता. हे फक्त इथे लिहितेय.

११ जुलै
मित्रदांशी वाजलं. एका मुलाचं उत्तर: "बाबांची जागा धरायला." मी एक दिला, त्यांनी पाच.
"गाडीत टाकतात तसाच की," मी म्हटलं.
"गाडी कुठे लिहिलीय, अनघा? घरातली खुर्ची असेल. बाबा नसतील."
"असेल-नसेलला गुण नसतात."
वर हसले मी.

१८ जुलै
यंत्राचे गुण आले. माझ्याशी जुळतात, मित्रदांशी नाही. आमचे प्रमुख, सेन, खूश. "तुम्ही दोघं विश्वासार्ह." दोघं म्हणजे मी आणि यंत्र. मित्रदांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. त्यांनी डबा पिशवीत भरला. "वय झालं बहुतेक," म्हणाले. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

१९ जुलै
राहवेना. बाबांच्या जागेचं उत्तर यंत्राला दिलं. एक. मग त्यालाच शेपूट जोडलं: गमछा ही अत्यंत उपयुक्त वस्तू असून तिचे विविध उपयोग वगैरे. चार!
माझा कंटाळा शिकलंय ते.

२१ जुलै
सेनना सगळं सांगितलं.
"आकडे जुळतात ना?"
"मी न वाचता दिलेत, सर."
"पण सातत्याने दिलेत. आम्हाला सातत्यच हवंय."
शुक्रवारी शाळांकडे अहवाल जाणार. यावरून मुलं निवडणार म्हणे, खास वर्गासाठी. खाली परीक्षक म्हणून सही माझी एकटीची.

२३ जुलै
बागबाजारला गेले, मित्रदांच्या घरी. न वाचता गुण दिल्याचंही सांगितलं. वाटलं होतं, जाऊ दे म्हणतील. तसं म्हणाले नाहीत.
"हे लिहून देशील?"
"नोकरी जाईल, दादा."
ते उठले. मग आत बायकोला सांगितलं, "चहा एकच कर. मला नको."
एकटीच प्यायले. काय करणार.

२५ जुलै, सकाळ
सुधीर म्हणतो, पुढच्या वर्षी बदली होईलच, कशाला अंगावर घेतेस. तरी पत्र लिहायला बसले. 'मी दिलेले गुण' इथवर आलंय. पुढे चुकीचे लिहू की खोटे? चुकीचे लिहिलं तर सेन पत्र फायलीला लावून मोकळे होतील. खोटे लिहिलं तर अहवाल थांबेल, माझी नोकरीही.
साडेआठ झाले. दहाला सही.